पांजरपोळ आणि पंगत
बौद्धिक दिव्यांगांच्या ख्रिस्ती निवासगृहांविषयी एक चिकित्सा

१. सुरतेतील खाट

सतराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या एका जहाजावरील धर्मोपदेशक जॉन ओव्हिंग्टन हा सुरतेस आला. १६९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने तेथील एका संस्थेची हकीकत दिली आहे. म्हाताऱ्या, लंगड्या व रोगी गाई, घोडे, बकऱ्या, कुत्री यांच्यासाठी सुरतेच्या वाण्यांनी एक इस्पितळ चालविले होते. एवढेच नव्हे, तर ढेकूण व पिसवा यांचेही पोषण व्हावे म्हणून एखाद्या गरीब माणसास पैसे देऊन रात्रभर खाटेवर निजविले जात असे. ओव्हिंग्टनला या भूतदयेचे नवल वाटले. आम्हांला मात्र त्या हकीकतीतील खाटेवरचा मनुष्य अस्वस्थ करतो. दया खरी होती, तिच्यावर होणारा खर्चही खरा होता. पण त्या दयेच्या हिशेबात तो स्वतः कोठेच नव्हता.

पांजरपोळाची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. मुक्या जनावराला मरेपर्यंत चारा व आसरा देणे हे पुण्यकर्मच आहे. परंतु जनावराला जे पुरते ते माणसाला पुरत नाही. माणसाला आसऱ्याबरोबर नाव लागते, नाते लागते, ‘नको’ म्हणण्याची मुभा लागते आणि पंगतीत पान लागते. आपण ख्रिस्ती लोक प्रभूच्या नावाने जी निवासगृहे चालवितो, त्यांत यांपैकी काय मिळते आणि काय राहून जाते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न दूरचा नाही. ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने धुळे, नंदुरबार व जळगावकडून येऊन सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत व त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. यंत्रमागावर बारा तासांची पाळी, एका खोलीचे बिऱ्हाड आणि त्या खोलीत पंचवीस-तीस वर्षांचा, पण स्वतःचे स्वतः जेवता न येणारा मुलगा, अशी स्थिती असलेले आईबाप पाळकाला एकच प्रश्न विचारतात: ‘आमच्यामागे याचे कोण पाहील? मिशनचे एखादे होम असेल तर सांगा.’ गावाकडे निदान ओटा होता, शेजार होता, चुलते-मावळे होते. शहरात दाराला कडी लावून कामावर जाण्यावाचून गत्यंतर नसते. या आईबापांना ‘देवावर भरवसा ठेवा’ एवढेच सांगून पाळकाने निघून जावे, असे कोणी म्हणणार नाही. त्याचबरोबर, कोठल्या तरी दूरच्या गृहाचा पत्ता हाती दिला म्हणजे आपले कर्तव्य संपले, असेही समजता येणार नाही.

शब्दांविषयी आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. पूर्वी आपण ‘मतिमंद’ म्हणत असू. २०१६ च्या कायद्यानंतर ‘बौद्धिक दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला. आम्ही येथे तोच योजला आहे. तथापि शब्द बदलल्याने ताट बदलत नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

२. तारू आणि त्याचा कर्णधार

या विषयावर आपल्या सेमिनरींतून व प्रवचनांतून ज्या चळवळीचा उल्लेख सर्वांत अधिक झाला ती ‘लार्श’, म्हणजे नोहाचे ‘तारू’. ज्याँ व्हानिए या कॅनडाच्या माजी नौदल अधिकाऱ्याने १९६४ साली फ्रान्समधील त्रोस्ली-ब्रई या खेड्यात एक लहानसे घर घेतले व मोठ्या संस्थेत खितपत पडलेल्या बौद्धिक दिव्यांग पुरुषांना आपल्याबरोबर राहावयास आणले. त्यातून जगभर सुमारे दीडशे घरकुले उभी राहिली. भारतात १९७० साली बंगळूर येथे ‘आशा निकेतन’ सुरू झाले व पुढे कोलकाता, चेन्नई आणि केरळातील नंदी बाजार येथेही तशी घरे झाली. हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती एकाच छपराखाली राहतात आणि एकत्र प्रार्थना करतात, हे आशा निकेतनाचे वैशिष्ट्य ठरले.

लार्शने दिलेला मूळ विचार साधा व मोलाचा आहे. सेवक आणि सेव्य असे दोन वर्ग न करता दोघांनी एका घरात राहावे, एका भांड्यातले खावे, एकमेकांचे वाढदिवस व एकमेकांचे मृत्यू पाळावेत. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कम्युनिटी अँड ग्रोथ’ या ग्रंथात व्हानिए यांनी या सहजीवनातील कुरबुरी, थकवा, राग व क्षमा यांविषयी जे लिहिले, ते ज्याने वसतिगृह किंवा मठ चालविला आहे त्याला आपलेच वाटेल. दानशूरपणाच्या आड दडलेला अहंकार त्यांनी नेमका ओळखला होता, असे तो ग्रंथ वाचताना वाटत असे.

व्हानिए २०१९ च्या मे महिन्यात वारले. फेब्रुवारी २०२० मध्ये लार्श संस्थेनेच करविलेल्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. जानेवारी २०२३ मध्ये स्वतंत्र अभ्यासमंडळाचा विस्तृत अहवाल आला. आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या मिषाने व्हानिए यांनी १९५२ ते २०१९ या काळात किमान २५ स्त्रियांशी गैरवर्तन केले, असे त्यात नमूद आहे. त्या स्त्रियांपैकी कोणी बौद्धिक दिव्यांग असल्याचे आढळले नाही. त्यांचे गुरू तोमा फिलिप या डोमिनिकन धर्मगुरूस अशाच दुराचरणासाठी व विकृत शिकवणुकीसाठी रोमने १९५६ साली शिक्षा दिली होती. ती गोष्ट व्हानिए यांना माहीत होती व त्यांनी ती झाकून ठेवली. शिक्षेने पांगलेल्या त्या गुप्त वर्तुळाने पुन्हा एकत्र यावे, हाही त्रोस्ली येथे घर घेण्यामागील एक हेतू होता, असे मंडळाच्या संशोधकांनी दाखवून दिले आहे.

ज्या पाळकांनी व्हानिए यांचे दाखले देऊन वर्षानुवर्षे उपदेश केला त्यांना या वार्तेने धक्का बसला. आम्हांलाही बसला. त्यावर दोन सोपी उत्तरे दिली जातात. एक म्हणजे त्यांचे ग्रंथ कपाटातून काढून टाकावेत. दुसरे म्हणजे मनुष्य पापी होता, पण कार्य देवाचे होते, असे म्हणून पुढे चालावे. आम्हांला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. पहिल्याने, ज्या दिव्यांग व्यक्तींनी व त्यांच्या सोबत्यांनी ती घरे प्रत्यक्ष चालविली त्यांचे श्रमही आपण एका माणसाच्या खात्यावर टाकून पुसून टाकतो. दुसऱ्याने, कार्याच्या रचनेतच काही दोष होता काय, हे तपासण्याचे टाळतो.

तो दोष त्या ग्रंथातच शोधता येतो. दुर्बळता, अंतःकरण, विश्वास, समर्पण यांविषयी तेथे पुष्कळ आहे. पुढाऱ्यांनी ऐकावे, चुका कबूल कराव्यात, असेही आहे. परंतु खुद्द संस्थापकच चुकला तर त्याच्याविरुद्ध दाद कोठे मागावी, याची व्यवस्था त्या विचारात ठळक नाही. अधिकाराला प्रेमाचे नाव दिले की त्याचा हिशेब मागणे हे प्रेमाविरुद्ध पाप वाटू लागते. पहिल्या घराची जी पावन कथा आपण सांगतो तिच्यातही एक मौन आहे. राफाएल व फिलिप यांच्याबरोबर तिसराही एक मनुष्य त्या दिवशी आणला होता. त्याला सांभाळणे अशक्य झाल्याने त्याला लागलीच परत पाठवावे लागले. असे करणे कदाचित अपरिहार्य असेल. पण आमच्या प्रवचनांत तो तिसरा मनुष्य कधी आला नाही. ज्याने आपल्या कथेची शोभा बिघडते त्याला आपण कथेबाहेर ठेवतो, आणि दुःखित स्त्रियांच्या बाबतीतही नेमके तेच झाले.

३. ॲडम कोणाचा गुरू?

दुसरा ग्रंथ हेन्री नाउवेन यांचा ‘ॲडम’. हे डच धर्मगुरू अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांत अध्यापन करीत होते. ते सोडून १९८६ साली ते टोरांटोजवळच्या ‘डेब्रेक’ या लार्श समूहात राहावयास गेले. तेथे ॲडम नावाच्या, बोलू न शकणाऱ्या व अपस्माराचे झटके येणाऱ्या तरुणाला रोज सकाळी आंघोळ घालणे, दाढी करणे व न्याहारी भरविणे हे काम त्यांच्याकडे आले. ॲडम १९९६ च्या फेब्रुवारीत वारला. त्याच्याविषयी लिहिता लिहिता त्याच वर्षी सप्टेंबरात नाउवेनही गेले व पुस्तक १९९७ मध्ये त्यांच्या पश्चात निघाले.

या पुस्तकातील सर्वांत खरा भाग म्हणजे नाउवेन यांनी कबूल केलेली भीती. विद्वान मनुष्य एका असहाय देहापुढे उभा राहतो व आपले हात किती अनाडी आहेत हे त्याला कळते. देहाची सेवा ही घाईची गोष्ट नाही. पाणी किती गरम आहे, घास किती मोठा आहे, चेहऱ्यावर काय उमटते, हे पाहत पाहत तो ॲडमची भाषा शिकतो. आपल्या गृहांतून काम करणाऱ्या प्रत्येक ताई-दादांनी तो भाग वाचावा, असे आम्ही सुचवू.

परंतु पुस्तकाच्या रचनेविषयी आमचा आक्षेप आहे. ख्रिस्ताच्या चरित्राच्या क्रमाने, म्हणजे गुप्त जीवन, अरण्य, सार्वजनिक कार्य, दुःखसहन, मृत्यू व पुनरुत्थान या टप्प्यांनी, ॲडमचे जीवन मांडले आहे. ॲडम हा नाउवेन यांचा गुरू होतो, त्यांना शांती देतो, त्यांना घरी आणतो. हे वाचून वाचक सद्गदित होतो. पण पुस्तक मिटल्यावर आपल्याला अधिक माहिती कोणाची झाली? बहुतांशी नाउवेन यांची. ॲडमला काय आवडत असे, कशाचा कंटाळा येत असे, कोणाच्या येण्याने तो खुलत असे, हे सांगणारे तपशील त्या मोठ्या उपमेपुढे फिके पडतात.

आपल्याकडील प्रवचनांत हा दोष अधिक ढोबळ रूपाने येतो. ‘ही देवाची लेकरे आपल्याला प्रेम शिकवायला आली आहेत,’ असे आपण सहज म्हणतो. आईने हे म्हटले तर तिच्या अनुभवाला आम्ही मान देऊ. व्यासपीठावरून म्हटले की त्याचा अर्थ असा होतो की, आमच्या आत्मिक उन्नतीसाठी कोणीतरी दिव्यांग म्हणून जन्मावे लागते. सुरतेच्या खाटेवरच्या मनुष्याचीच ही दुसरी आवृत्ती नव्हे काय? तेथे पुण्य पोसण्यासाठी एक देह लागत होता. येथे भक्तिभाव पोसण्यासाठी लागतो. दिव्यांग मनुष्य हा कोणाचा धडा नव्हे. तो देवाच्या प्रतिरूपाने निर्माण झालेला मनुष्य आहे आणि तेवढेच त्याच्या सन्मानाला पुरेसे कारण आहे.

४. आपल्या भूमीतील तीन घरे

परदेशी ग्रंथांची चिकित्सा करताना आपल्या भूमीकडे डोळेझाक होऊ नये. पंडिता रमाबाईंनी केडगावी उभारलेले मुक्तिसदन हे या क्षेत्रातील आपले पहिले मोठे दालन. गुजरातच्या १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात, ज्याला तिकडे ‘छप्पनियो’ म्हणतात, तेथील अनाथ मुली व स्त्रिया मुक्तीत आणल्या गेल्या. म्हणजे गुजरात व मराठी मंडळी यांचे या बाबतीतले नाते शंभर वर्षांहून जुने आहे. मुक्तीतील जी गोष्ट आम्हांला विशेष वाटते ती अशी की, तेथे आश्रयाबरोबर काम व शिक्षण होते. दृष्टिहीन मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकविली. स्त्रियांनी छापखाना चालविला. ‘हिला काय येत नाही’ याऐवजी ‘हिला काय येईल’ हा प्रश्न तेथे विचारला गेला. दुष्काळामुळे ती वसाहत अफाट वाढली, हे त्या काळाचे संकट होते. तिच्या आकाराचे अनुकरण करणे म्हणजे रमाबाईंचे अनुकरण करणे नव्हे.

दुसरे घर शासकीय आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय गृहात राहणाऱ्या काही बौद्धिक दिव्यांग मुली व स्त्रियांची गर्भाशये फेब्रुवारी १९९४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. मासिक पाळीच्या वेळी त्यांना स्वच्छता राखता येत नाही, असे कारण देण्यात आले. स्त्रीसंघटनांनी आवाज उठविल्यावर पुढील शस्त्रक्रिया थांबल्या. पुढे २००९ साली चंदीगढच्या शासकीय गृहातील एका तरुणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, अशा स्त्रीच्या संमतीवाचून तिच्या देहाविषयी निर्णय घेता येणार नाही, असा निवाडा दिला. शिरूरचे गृह मिशनचे नव्हते म्हणून आपण हात झटकू नयेत. सांभाळणाऱ्याची सोय तेच सांभाळल्या जाणाऱ्याचे हित, हा जो विचार तेथे झाला तो भक्तीच्या भाषेतही होऊ शकतो. सर्वांचे केस एकदम कापून टाकणे, सर्वांना एकाच कापडाचे कपडे, सात वाजता दिवे बंद, देणगीदार आले की रांगेत उभे करून गाणे म्हणावयास लावणे, ही त्याच वृत्तीची लहान रूपे आहेत.

तिसरे घर अमरावती जिल्ह्यातील अचलपूर तालुक्यात वज्झर येथे आहे. गाडगेबाबांना मानणारे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेली दिव्यांग मुले तेथे वाढविली. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ही संस्था ख्रिस्ती नाही; पण तिच्यापासून आपण शिकले पाहिजे. शंभराहून अधिक मुलांच्या नावापुढे शंकरबाबांनी बाप म्हणून स्वतःचे नाव लावले. कित्येकांची लग्ने लावून दिली. बालगृहाचा कायदा अठराव्या वर्षी थांबतो व त्यानंतर या मुलांनी कोठे जावे, हा प्रश्न त्यांनी सरकारपुढे सतत मांडला. नाव देणे म्हणजे काय हे आपल्याला बाप्तिस्म्याच्या विधीवरून ठाऊक असावयास हवे. तरीही येथे व्हानिए यांच्या प्रकरणातून शिकलेला धडा विसरून चालणार नाही. कार्य कितीही निर्मळ असो, ते एका बापाच्या आयुष्यावर अवलंबून असेल तर ‘आमच्यामागे कोण’ हा प्रश्न सुटत नाही, तो केवळ पुढे सरकतो.

५. करिंथ येथील पंक्तिभेद

आता आपल्या मंडळीच्या मेजाकडे वळू. आमच्या मते या विषयाचे मर्म येथे आहे.

पुष्कळ मंडळ्यांत बौद्धिक दिव्यांग व्यक्तीचा बाळपणी बाप्तिस्मा होतो. पण ती दृढीकरणाला बसविली जात नाही, कारण तिला प्रश्नोत्तरावली पाठ होत नाही. दृढीकरण नाही म्हणून प्रभुभोजन नाही. भाकर व प्याला रांगेतून फिरतो तेव्हा आई घेते, बाप घेतो, धाकटी बहीणही घेते, आणि मधल्या माणसाला वगळून ताटली पुढे जाते. याला आधार म्हणून प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातील वचने पुढे केली जातात: माणसाने आत्मपरीक्षा करून मग खावे, शरीर न ओळखता खाणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो. ज्याला समजत नाही त्याला दंड होऊ नये म्हणून दूर ठेवावे, असा हा दयेचा युक्तिवाद असतो.

पण तो अध्याय आरंभापासून वाचावा. करिंथ येथे काय घडत होते? मंडळी भोजनाला जमत असे. ज्यांना सवड व सुबत्ता होती ते आधी बसून पोटभर खात-पीत. जे उशिरा येत, ज्यांच्याकडे काही नसे, ते उपाशी राहत व लज्जित होत. पौल रागावला तो या गोष्टीवर. तो कोणाच्या बुद्धीची परीक्षा घेत नाही. तो पुढे बसणाऱ्यांना स्वतःची परीक्षा करावयास सांगतो. ‘शरीर ओळखणे’ या शब्दांचा अर्थ विधीतील प्रभूचे शरीर असा घ्यावा की मंडळीरूपी शरीर असा, याविषयी भाष्यकारांत मतभेद आहेत. आम्हांला दोन्ही अर्थ परस्परांना धरून वाटतात, कारण लगेच पुढच्या अध्यायात पौल शरीर व अवयव यांचा दृष्टांत विस्ताराने देतो आणि जे अवयव दुर्बळ वाटतात तेच अत्यावश्यक आहेत असे सांगतो.

या दोषाला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे: पंक्तिभेद. एकाच पंगतीत एकाला तूप वाढावे व शेजारच्याला कोरडे ठेवावे, हे आपल्या समाजाने शतकानुशतके केले. आपल्यापैकी कित्येकांच्या आजा-पणजांना तर पंगतीबाहेरच बसविले जात होते, आणि ख्रिस्ताच्या मेजाशी सर्वांना एक प्याला मिळतो हे ऐकून ते या मंडळीत आले. त्यांच्या नातवंडांनी त्याच मेजाशी नवा पंक्तिभेद करावा, आणि तोही पंक्तिभेदाविरुद्ध लिहिलेल्या अध्यायाचा आधार घेऊन, याहून मोठा विपर्यास आम्हांला सुचत नाही.

येथे ‘समज’ हा निकष कोणता, हेही पाहिले पाहिजे. प्रश्नोत्तरावली घडाघडा म्हणणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलास प्रभुभोजनाचे रहस्य समजले आहे, असे कोणता पाळक छातीवर हात ठेवून सांगेल? जो मुलगा ‘त्रैक्य’ शब्द उच्चारू शकत नाही, पण भाकर जवळ येताच शांत होतो, हात पुढे करतो, आईकडे पाहून हसतो, त्याला काहीच समजले नाही असे कशावरून ठरवावे? रोमन कॅथलिक धर्मसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेने, शरीराने वा बुद्धीने अडलेल्या व्यक्तींनाही त्यांच्या परिस्थितीप्रमाणे धर्मशिक्षण दिले जाईल हे पाहण्याची जबाबदारी पॅरिशच्या धर्मगुरूवर स्पष्टपणे टाकली आहे. प्रौढ बाप्तिस्मा मानणाऱ्या मंडळ्यांपुढे हा प्रश्न बाप्तिस्म्यापाशीच उभा राहतो व तो अधिक बिकट आहे. त्यांनीही तो टाळू नये. शब्दांवाचून दिलेली कबुली कशी ओळखावी, हे त्या व्यक्तीबरोबर दीर्घकाळ राहणाऱ्यांस विचारले तर कळेल.

६. मफीबोशेथाची जमीन

पंगतीत पान मिळाले म्हणजे सर्व मिळाले काय? दिव्यांगांविषयीच्या प्रवचनांत शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील मफीबोशेथाची कथा आवर्जून येते. योनाथानाचा हा पुत्र दोन्ही पायांनी लंगडा होता. दाविदाने त्याला लोदबाराहून बोलावून आणले, शौलाची जमीन परत दिली आणि राजाच्या मेजावर त्याला नित्य जेवावयास बसविले. नवव्या अध्यायापाशी आपण थांबतो व ‘आमेन’ म्हणतो.

कथा तेथे संपत नाही. सोळाव्या अध्यायात मफीबोशेथाचा कारभारी सीबा येऊन त्याच्याविषयी चहाडी करतो आणि दावीद मफीबोशेथास एक शब्द न विचारता सर्व जमीन सीबाला देऊन टाकतो. एकोणिसाव्या अध्यायात मफीबोशेथ स्वतः येऊन आपली बाजू मांडतो, तेव्हा राजा घाईने जमीन दोघांत वाटून घ्यावयास सांगतो. मेजावर रोज जेवणाऱ्या या माणसाचे म्हणणे वेळेवर कोणीच ऐकले नव्हते. मफीबोशेथाची बुद्धी शाबूत होती, तो बोलू शकत होता, तरीही असे घडले. मग ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने सीबाच बोलत राहील, यात नवल ते काय?

म्हणून निवासगृहाची चिकित्सा करताना आम्ही दोन गोष्टी पाहू. पहिली, तेथे सर्वजण एका पंगतीला, एकच अन्न जेवतात काय. दुसरी, तेथे राहणाऱ्याच्या ‘नको’ला काही किंमत आहे काय. आज कोणता सदरा घालावयाचा, खोलीत कोणाबरोबर राहावयाचे, उपासनेला जावयाचे की नाही, घरी भेटीस जावयाचे की नाही, यांविषयी खुणेने, चेहऱ्याने, अंग आखडून घेऊन त्याने दिलेले उत्तर कोणी ऐकते काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने, अमुकच निवासव्यवस्थेत राहिले पाहिजे अशी सक्ती कोणावर करता येणार नाही, असे म्हटले आहे. कायदा येथे आपल्या कित्येक प्रवचनांच्या पुढे गेला आहे.

७. आपल्यापुढील काम

आमच्या या विवेचनावर एक रास्त आक्षेप येईल. ज्या आईबापांचे हात थकले आहेत त्यांना तत्त्वे नकोत, जागा हवी आहे. सदोष गृह असणे हे गृहच नसण्याहून बरे नव्हे काय? आम्हांला या आक्षेपाची धार जाणवते. निवासगृहे बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. काही व्यक्तींना रात्रंदिवस कुशल सेवा लागते व ती एका खोलीच्या बिऱ्हाडात होऊ शकत नाही. अशा गृहांत तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या भगिनींचे ऋण मोठे आहे. पण ‘नसण्यापेक्षा बरे’ हे माप पांजरपोळाचे आहे. प्रभूच्या नावाने चालणाऱ्या घराला ते लावून कसे चालेल?

म्हणून पाळक व धर्मशिक्षक यांच्यापुढे आम्ही काही सूचना ठेवतो.

पहिली, गृह लहान असावे आणि मंडळीच्या वस्तीत असावे. माळरानावर, शहरापासून दूर, देणगीच्या जमिनीवर बांधलेली मोठी इमारत सोयीची वाटते. पण तेथे रविवारी कोणी सहज डोकावत नाही. उधन्याच्या गल्लीत भाड्याने घेतलेल्या दोन खोल्या, चार रहिवासी व शेजारची मंडळी, ही रचना अधिक खटाटोपाची असली तरी मंडळीच्या शरीराशी जोडलेली राहते.

दुसरी, संस्थापक कितीही पूज्य असो, त्याच्यावर देखरेख असावी. बाहेरच्या व्यक्तींनी न कळविता भेट द्यावी, तक्रार ऐकणारा मनुष्य संस्थेचा नोकर नसावा, आणि एकांतात कोण कोणाची सेवा करतो याची नोंद असावी. याला अविश्वास म्हणू नये. २०२३ च्या अहवालानंतर तरी विश्वास व भाबडेपणा यांतील अंतर आपल्याला कळले पाहिजे.

तिसरी, आईबाप हयात असतानाच पालकत्वाची व्यवस्था करावी. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात व बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून पालक नेमता येतो. आईबापांच्या पश्चात काळजी घेतली जावी, हे त्या कायद्याच्या उद्देशांत सांगितलेले आहे. ही माहिती पुष्कळ कुटुंबांना नसते. अर्ज भरून देणे हेही पाळकीय कार्य आहे. मात्र पालक म्हणजे मालक नव्हे, हे नेमल्या जाणाऱ्यास समजावून द्यावे.

चौथी, निवासगृहाचा विचार करण्याआधी घराचा विचार करावा. मंडळीतील चार कुटुंबांनी आठवड्यातून प्रत्येकी एक दुपार वाटून घेतली, तर आईला झोप मिळते, बापाला पाळी बुडवावी लागत नाही आणि त्या मुलाला चार नवी दारे ओळखीची होतात. आईबाप गेल्यावर तो ज्या घरी जाईल ते घर तेव्हा परके नसेल.

पाचवी सूचना धर्मशिक्षकांसाठी आहे. पाठांतरावाचून धर्मशिक्षण कसे द्यावे, हे शिकावे लागेल. भाकर हाताने मोडून दाखविणे, पाण्याला हात लावू देणे, एकच लहान गीत महिनोन्‌महिने त्याच सुरात म्हणणे, प्रत्येकाला नावाने हाक मारणे, यांतून जे पोहोचते ते प्रश्नोत्तरावलीतून पोहोचत नाही. हे शिकविताना सामान्य मुलांच्या वर्गालाही लाभ होईल, असा आमचा विश्वास आहे.

शेवटी एक गोष्ट. पुढील प्रभुभोजनाच्या रविवाराआधी प्रत्येक पाळकाने आपल्या मंडळीच्या कुटुंबांची यादी घेऊन बसावे. कोणत्या घरातून कोण कधीच उपासनेला येत नाही, कोणाच्या दाराला बाहेरून कडी असते, कोणाचे नाव बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आहे पण सहभागितेच्या यादीत नाही, हे पाहावे. अशा प्रत्येक घरी जावे. जाताना होमचा पत्ता सांगण्याची घाई करू नये. त्या व्यक्तीशेजारी बसावे, तिचे नाव विचारावे, आणि ती या रविवारी येणार का, हे आईबापांच्या आधी तिलाच विचारावे.